केतकीच्या शून्याची आणि अंजिराबाईच्या भिंतीची हकीकत

श्री. बुद्धिदात्या गणरायास आणि डोळ्यांस पट्टी बांधोन उभ्या राहिलेल्या न्यायदेवतेस दंडवत घालोन, देवीने पट्टी अंमळ वर सारोन हा मजकूर एकवार नजरेखाली घालावा ऐसी अर्जी करोन लेखनास आरंभ करितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, चैत्रापासोन माघापर्यंत, न्याय व कायदा शिकविणाऱ्या एका संस्थानात जे जाहले आणि त्यातोन पुढे जे निपजले ते जैसे घडले तैसे लिहिले असे. लिहिताना राग आवरत नाही, सबब अक्षर वाकडे आल्यास वाचणारांनी सांभाळोन घ्यावे.

ते संस्थान ऐसे की, पांच वर्षे मुलांस बाकांवर बसवावे, कलमे घोकून घ्यावी आणि मग पदवी बहाल करावी, आणि पदवी हाती आली म्हणजेच वकिलीची सनद मिळावी. गादीवर प्राचार्य नरहरराव विराजमान होते. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासास त्यांनी काळा कोट परिधान करोन यावे, मेजावर मूठ आपटावी आणि गर्जावे की, "दुसरी बाजू ऐकल्यावाचून निवाडा करील तो न्यायाधीश नव्हे!" आणि मुलांनी टाळ्यांचा कडकडाट करावा, ऐसा शिरस्ता. केतकी हिवराळे नामे मुलगी, शिवणकाम करणाऱ्या आईची लेक, तिने ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर उतरोन घेतले आणि वेडीने ते खरे मानिले. बाकीच्यांनी परीक्षेपुरते मानिले, ते शहाणे ठरले.

शेवटल्या वर्षास संस्थानाचा दंडक ऐसा की, प्रत्येकाने कचेरीत जाऊन एका दाव्याच्या तारखांस बसावे, जे पाहिले त्याची रोजनिशी लिहावी आणि दरबारी दाखल करावी. रोजनिशीत नापास तो पदवीस मुकला, वर्ष बुडाले. मग केतकी दिवाणी कोर्टात जाऊन बसली, आणि तेथे बाकावर अंजिराबाई कोथळे नामे साठी उलटलेली बाई भेटली. शेजाऱ्याने तिच्या दारापुढील बोळात आडवी भिंत घातली, त्यास चौदा वर्षे जाहली होती, आणि बाई मागल्या खिडकीस स्टूल लावोन घरात जात येत होती. दावा लावणारे वकील मधल्यामध्ये वारले, दुसरा कोणी धरेना. केतकीस पोटातून कळवळा आला आणि ती बोलली, "मावशी, मला सनद मिळू द्या, पहिलं वकीलपत्र तुमचं." बाई हसोन म्हणाली, "लवकर शिक गं बाई, गुडघं ऱ्हायलं न्हाईत आता खिडकी चढायला."

मग तारखा पडल्या. पहिलीस हाकीम रजेवर, दुसरीस प्रतिवादीचे वकील दुसऱ्या कोर्टात गुंतले, तिसरीस फाइल सापडेना, चौथीस सापडली ती भलत्याच दाव्याची, पांचवीस वकिलांचा बहिष्कार, सहावीस वीज गेली आणि टंकलेखन यंत्र बंद पडले, आणि सातवीस पुकारा जाहला, बाई लगबगीने उठोन उभी राहिली, आणि हाकीम मान वर न करिता वदले, "पुढची तारीख." केतकीने सात तारखांची सात पाने लिहिली, आणि जे घडले नाही त्याचे एक अक्षर त्यात घातले नाही. कार्तिकात रोजनिशी दाखल केली. आठ दिवसांनी परत आली ती शून्य घेवोन. नरहररावांनी लाल शाईने शेरा मारिला होता की, "या रोजनिशीत काहीच घडत नाही. साक्ष नाही, युक्तिवाद नाही, निकाल नाही. विद्यार्थिनीने कष्ट घेतलेले दिसत नाहीत." कष्ट घेतले नाहीत! उन्हातान्हात सात वेळा खेटे घातले, आणि म्हणे कष्ट नाहीत!

केतकी पायरीवर रडत बसली असता वर्गबंधू पराग आला, आपली रोजनिशी पुढे करोन बोलला, "अगं येडे, खरं कोण लिहितं? ही बारा वर्षं चालत आलेली आहे. वरच्या वर्गाकडून घ्यायची, तारखा बदलायच्या, झालं. साठांतल्या एकोणसाठ जणांनी हीच दिलीय." केतकीने पान उलटिले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकास गेली. वादी, अंजिराबाई कोथळे. कारण, बोळातील भिंत. साक्ष देता देता वादीस उचकी लागली, कोर्टाने पाणी देवविले, मग युक्तिवाद जाहला, आणि शेवटी निकाल, वादीचा दावा मान्य, भिंत पाडविली, न्याय जाहला. खाली नरहररावांची लाल शाई की, "उचकीची नोंद विशेष. निरीक्षण सूक्ष्म." बारा वर्षे, दर वर्षी साठ वह्या, दर वहीत तीच बाई, तीच भिंत, तीच उचकी, आणि या गृहस्थांस एकदाही शंका आली नाही! वाचलीच नाही की वाचोन मूग गिळिले, ते त्यांचे त्यांस ठाऊक. अरे, बारा वर्षे एकाच बाईस एकाच जागी उचकी लागते कशी, इतके तर आमच्या गल्लीतील भाजीवालीनेही विचारिले असते.

मग केतकीने अर्ज लिहिला की, माझी बाजू ऐकावी. हुकूम जाहला, मार्गशीर्षात यावे. गेली, तो नरहरराव महाराज चर्चासत्रास गेले होते, विषय "त्वरित न्याय". पुढे पौषात बोलाविले, तो अर्ज ऐकणाऱ्या समितीचे दुसरे सभासद आले नाहीत. मग माघात तिसरी तारीख पडली, आणि त्या दिवशी केतकी अंजिराबाईस बरोबर घेवोन दालनात शिरली, मागोमाग परागही आला. नरहरराव कपाळास आठी घालोन बोलिले, "या कोण? बाहेरच्यांना इथे परवानगी नाही." केतकीने परागची रोजनिशी मेजावर ठेविली आणि म्हणाली, "सर, बाहेरच्या कशा? बारा वर्षं तुमच्या वह्यांमध्ये ह्याच आहेत."

बाईने आधीच ती वही केतकीकडोन वाचवोन घेतली होती. ती पुढे होऊन हात जोडोन म्हणाली, "सायेब, ह्यातली उचकी खरी हाय. लई वर्सांमागं साक्षीला उभी ऱ्हायले तवा लागली व्हती, अन् तवाच साक्ष अर्धी ऱ्हायली ती ऱ्हायलीच. पर भिंत पडली म्हनून लिवलंय ते आमाला कुनी कळीवलंच न्हाई. तुमच्याकडं निकाल लागलाय तर मला एक प्रत द्या. शेजाऱ्याला दावते."

परागने मान खाली घातली. नरहररावांनी घसा साफ करोन म्हटले, "बाई, तो खरा निकाल नव्हे. ते अभ्यासापुरतं असतं."

"मंग हिनं खरं लिवलं, त्याला भोपळा कशापायी?"

यावर महाराजांनी पोरीकडे पाहिले नाही, बाईकडे पाहिले नाही, मनगटावरील घड्याळाकडे पाहिले, आणि कारकुनास आज्ञा केली, "आज वेळ झाली. यांना पुढची तारीख द्या." केतकीच्या डोळ्यांत पाणी आले, परंतु तिने ते पुसले नाही. तिने आपली रोजनिशी उघडिली, त्यांच्याच मेजावर ठेविली आणि उभ्या उभ्या आठवे पान लिहिले. दिनांक लिहिला. स्थळ, प्राचार्यांचे दालन. हजर, अंजिराबाई कोथळे. हकीकत, दुसरी बाजू ऐकली नाही. मग वही त्यांच्याकडे फिरवोन म्हणाली, "सर, सही करा. निरीक्षणात काही चूक असेल तर सांगा." सही जाहली नाही, आणि चूकही कोणी दाखविली नाही.

तात्पर्य इतकेच की, त्या वर्षी एकोणसाठ जणांस पदवी मिळाली, झगे घालोन त्यांनी छायाचित्रे काढविली, आणि केतकीचे वर्ष बुडाले. नरहररावांनी नव्या मुलांपुढे मेजावर मूठ आपटिली आणि टाळ्या पडल्या. अंजिराबाईच्या दाव्याची पुढची तारीख आली, तेव्हा केतकी बाकावर तिच्या शेजारी नववे पान उघडोन बसली होती. बाई संध्याकाळी घरी गेली, ती खिडकीतूनच गेली. लेखनसीमा.