नखावरचा लाल ठिपका

मल्लेश्वरममधले आमचे कानडी घरमालक अण्णा घराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देतात. दुरुस्तीचा मिक्सर, इस्त्रीचे शर्ट, दळणाचा डबा, काही सुटत नाही. "तू पुण्याचा, तुला कळत नाही. इथं वस्तू बदलतात," असं ते मला नेहमी ऐकवतात. त्यांच्या कित्येक पिढ्या याच गावात गेल्या, पण गावावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही. मी भाड्याने राहायला आलो तेव्हा बाटली हातात घेऊन त्यांनी मलाही न्याहाळलं होतं.

चिन्नी ही त्यांची कुत्री. तिची नसबंदी करून घ्या, असं गल्लीतल्या सगळ्यांनी सांगून पाहिलं. "गर्भपिशवी काढतात, सरी, मान्य. मग त्या पिशवीचं करतात काय?" अण्णा विचारायचे.

गेल्या महिन्यात चिन्नीनं खाणं सोडलं. नुसती पाणी पीत राहिली आणि अंगावरून पू जायला लागला. मी दोघांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "गर्भपिशवीत पू झालाय. वेळेवर काढली असती तर ही पाळी आली नसती. आजच ऑपरेशन करायला हवं, नाहीतर ती हाताला लागणार नाही."

अण्णांनी उलटतपासणी सुरू केली. भूल कोण देणार? सुई नवी कशावरून? आत दुसरी कुत्री आहे का? असली तर कुठल्या रंगाची? चिन्नी टेबलावर धापा टाकत होती आणि मी रडकुंडीला आलो होतो. शेवटी त्यांनी खिशातून बाटली काढली आणि तिच्या पुढच्या पायाच्या नखावर ठिपका दिला. मदतनीस बाई स्पिरिटचा बोळा घेऊन पुढे आली, तसा त्यांनी पंजा मुठीत घट्ट धरला.

"पुसू नका."

मला हसू फुटलं. अण्णा माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "अक्काला आत नेताना नर्सनं तिची नखं अशीच पुसली. बारीक ऑपरेशन, स्वल्पसुद्धा काळजी नको, डॉक्टर म्हणाले. मी सरी म्हटलं. काही विचारलं नाही रे मी. एक प्रश्न विचारला नाही."

अक्का म्हणजे त्यांची बायको; सगळी गल्ली तिला अक्काच म्हणायची. ती त्या ऑपरेशनातून उठली नव्हती, एवढं मला ऐकून माहीत होतं. बाटली तिची होती, हे माहीत नव्हतं. मला स्वतःच्या हसण्याची लाज वाटली.

"राहू दे ठिपका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अण्णांनी मूठ सोडली.

बाहेर बाकावर ते नुसते बसून राहिले. कुणावर संशय नाही, काही चौकशी नाही. अण्णांना असं बघून मला धास्ती वाटायला लागली.

संध्याकाळी आम्हाला आत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी काढलेली गर्भपिशवी ट्रेमध्ये ठेवली होती, खास अण्णांना दाखवायला. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. अर्धवट गुंगीत पडलेल्या चिन्नीचा पंजा त्यांनी उचलला आणि नखावरून अंगठा फिरवला.

"तीच आहे," ते मला म्हणाले. "तीच परत आली."