गोदाम नंबर तीन गेलं!

माझ्या फिल्टर मेनूइतका सोपा मेनू अख्ख्या वाशीत सापडणार नाही, असं मी सत्त्याण्णव साली छातीठोकपणे सांगायचो. (वाशीत तेव्हा मेनू म्हटलं की लोक हॉटेलचाच समजायचे, ती गोष्ट वेगळी!)

आमच्या छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअर ऑफिसातल्या कॉम्प्युटरांचं जाळं तपासायचं. कोणतं मशीन कुणाशी बोलतंय, कुठे गर्दी तुंबलीय, सगळं पडद्यावर दिसायचं. पहिलं गिऱ्हाईक मिळालं द्रोणागिरीचं, गोदामवाले. त्यांचं नेटवर्क रोज रखडायचं. आमचे साहेब श्यामसुंदर म्हणाले, "हे काम गेलं तर कंपनीला टाळं! सांभाळून."

तिथल्या ऑपरेटर दुर्गाबाई, मूळच्या साताऱ्याच्या. मी त्यांच्यापुढे मेनू उघडला. बेचाळीस पर्याय, घाटात अडकलेल्या ट्रकांसारखे एकामागे एक!

"मला फकस्त तीन नंबरचं गोदाम बघायचंय," त्या म्हणाल्या.

"फिल्टर दाबा, तीन निवडा. लहान मूलही करील!"

त्यांनी दाबलं. पडद्यावरून गोदाम तीन गायब!

"आवो, तीन नंबर गेलं!" दुर्गाबाई किंचाळल्या.

केबिनमधून मॅनेजर जयप्रकाश धावत आले आणि तीन नंबरच्या वॉचमनला फोनवर ओरडले, "वामन, तुझं गोदाम गेलं!"

वामनला वाटलं, आग! त्याने मेन स्विच पाडला आणि घंटा बडवायला घेतली. हमाल बाहेर, ट्रक फाटकात, कुणीतरी बंबाला फोन!

मी शांतपणे फिल्टर काढला. तरी तीन नंबर दिसेना!

"बघा!" मी अभिमानाने म्हणालो, "माझ्या सॉफ्टवेअरला आधीच कळलं होतं!"

अर्ध्या तासाने बंब आला. आग नाही, धूर नाही, साधी विडीसुद्धा पेटलेली नाही.

"सायबच बोलले, गोदाम गेलं," वामन म्हणाला. "म्हणून मेन मीच बंद केला ना!"

सगळे माझ्याकडे वळले. "म्हणजे... फिल्टर म्हणजे जे निवडलं तेच लपवायचं..." मी पुटपुटलो.

"आवो साहेब," दुर्गाबाई म्हणाल्या, "चहा गाळला की खाली पडतो तो आपला. तांदूळ धुऊन रोळीत ओतले की वर राहतात ते आपले. तुमच्या गाळण्यात माझं कुठलं, ते लिवा की!"

जयप्रकाश कडाडले, "उचला तुमचं सॉफ्टवेअर!"

"सायेब, सोमवारपर्यंत येळ द्या त्यांना," दुर्गाबाईंनीच रदबदली केली. "पोरगं हुशार हाय, फक्त समोरच्याला इचारत नाही."

पुढचे दोन दिवस मी त्यांच्या टेबलाशी बसून विचारत राहिलो. बेचाळीस पर्याय गेले, दोन उरले. रोमन अक्षरांत, पण मराठीत: 'फक्त हेच दाखव' आणि 'हे सोडून बाकी दाखव'. काही लपवलं असेल, तर वर ठळक ओळ: 'तीन लपवलंय, बंद नाही'.

सोमवारी दुर्गाबाईंनी पाच मिनिटांत चोर पकडला. पाच नंबरच्या गोदामातल्या एका कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड बिघडून दिवसभर जाळ्यावर बोंबलत होतं! जयप्रकाश चक्क हसले.

महिन्याने त्यांचं पत्र आलं. खारघरच्या नव्या ऑफिसचंही काम आम्हालाच! श्यामसुंदरांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. मी कॉलर नीट केली. शेवटी ताजा कलम होता: 'मेनू उत्तम. मदतीच्या बटणाचं मात्र काहीतरी करा. ते दाबलं की तुमच्या इंजिनिअरचा नंबर येतो, आणि फोन केला की तो अर्धा तास रिसीव्हर ठेवत नाही.'

साफ खोटं! वीस मिनिटांच्या वर मी कधीच बोललेलो नाही.