चाल कुणाकडून घेतलीस?

आमच्या जोगळेकर काकांना काहीही दाखवा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "कुणाकडून घेतलंस?" लोणच्याची फोड तोंडात टाकतानाही तेच, आणि मला सर्दी झाली तरी तेच.

सिंगापुरात सेम्बावांगला त्यांच्या फ्लॅटमधली मागची खोली माझ्याकडे आहे. मी संगमेश्वरकडचा, नववीतच शाळा सोडलेला, इथे जहाजदुरुस्तीच्या यार्डात फिटर. खोली बघायला गेलो तेव्हा भीती एकच. हे पुण्याचे, बँकेच्या आयटीतले मोठे साहेब. शिक्षण विचारलं तर काय सांगायचं? त्यांनी विचारलं एवढंच की सकाळी बासरी वाजली तर चालेल का. मी घाईघाईने हो म्हटलं. ते उपकार मी अजून विसरलो नाही, आणि ती बासरीही विसरू देत नाही.

बासरी आपली नव्हे. पत्र्याची, सडपातळ, आयरिश लोकांची. कॉलेजात असताना काकांच्या हाती एका आयरिश रॉक बँडची कॅसेट लागली. त्यातल्या गिटारींच्या गदारोळात मध्येच एक फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजायचं. त्या फिडलच्या मागे काका जे निघाले ते पार तिथल्या खेड्यापाड्यांतल्या जुन्या चालींपर्यंत पोचले. आयर्लंडला मात्र कधी गेले नाहीत. म्हणतात, तिकडे गारठा फार. काकू बहुतेक इथेच पुंगोल भागात मुलीकडे असतात. नातवामुळे, असं काका सांगतात. काकू सांगतात, ह्या पत्र्याच्या शिट्टीमुळे.

एका रविवारी दुपारी ते मला त्यांच्या नेहमीच्या पबमध्ये घेऊन गेले. तिथे वाजवणारे गोल करून बसतात, गिऱ्हाइकांकडे चक्क पाठ करून. कुणाच्या पुढ्यात कागद नाही. एकजण चाल सुरू करतो, ज्यांना येते ते मिसळतात, ज्यांना येत नाही ते गप्प ऐकतात. चाल संपली की वाजवणारा सांगतो ती कुणाकडून घेतली. ही माझ्या चुलत्याकडची. ही आमच्या गावच्या लोहाराकडची. कधीच मेलेल्या लोहाराचं नाव सिंगापुरात एसीमध्ये निघतं आणि सगळे मान हलवतात.

मग मी दर रविवारी जाऊ लागलो. काका सगळ्यांबरोबर इतकं सुंदर वाजवायचे की मी बघतच राहायचो. पण स्वतः सुरू कधी करत नसत. त्यांची पाळी आली की नेमकं त्यांना लाइम ज्यूस आणायला जायचं असे. एकदा परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी भीत भीत कारण विचारलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझं सगळं कॅसेटकडून आणि यूट्यूबकडून घेतलेलं. नाव कुणाचं सांगू?"

त्या गोलातले सगळ्यात जुने फिडलवाले म्हणजे ब्रेंडन. ते कायमचे आयर्लंडला परत निघाले. जाताना भेटवस्तू काही नको म्हणाले, फक्त शेवटच्या रविवारी जोगळेकरांनी एक चाल सुरू करावी. झालं, काकांचं जेवण सुटलं. कुकरची शिट्टी बेसूर आहे म्हणणंही बंद.

त्याच आठवड्यात मी डबा घासताना गुणगुणत होतो. काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"ही कुणाकडून घेतलीस?"

"वडिलांकडून. गणपतीत आमच्याकडे जाखडी नाचतात ना, गोल धरून, पायात घुंगरू बांधून, त्यातली. पण मला अर्धीच येते."

"अर्धी चाल कुणी घेतं का रे, संतोष? फोन लाव."

ह्या वेळेला माझा फोन कधी जात नाही. बाबा घाबरले. "काय झाला रं? काम गेला काय?" नाही म्हटल्यावर बराच वेळ खोकले, लाजले, आणि मग गायले. काकांनी डोळे मिटून बासरीवर धरली. चुकले की बाबा तिकडून सरळ म्हणायचे, "नाय, परत." बँकेचे साहेब मुकाट्याने परत घ्यायचे.

रविवारी काकांची पाळी आली. ते अर्धवट उठले. आता लाइम ज्यूस, मला वाटलं. पण खाली बसले आणि सुरू केली. आधी एकटीच बासरी. पहिला फेरा, दुसरा फेरा. मग ब्रेंडनचं फिडल हळूच शिरलं, मग ढोल, मग सगळेच. माझ्या आळीतले पाय त्या टेबलाभोवती फिरत होते. कुठलं संगमेश्वर, कुठलं आयर्लंड. हात जोडावेसे वाटले, पण कुणाला जोडायचे ते कळेना.

चाल संपली. ब्रेंडनने विचारलं, "कुणाकडून घेतलीस?"

काका ताठ बसले. "संतोषच्या बाबांकडून. धोंडू गुरव." ब्रेंडनने ते नाव दोनदा म्हणून नीट बसवून घेतलं. तिकडे वाजवताना सांगावं लागेल ना.

परतताना मेट्रोत काका मांडीवर बोटांनी तीच चाल धरत होते. घरी आल्यावर माझ्या दारावर टकटक झाली.

"अरे, बाबांकडे अजून एखादी असेल का?"

मी म्हटलं, विचारायला हवं, बहुतेक नसेल.

काका बासरी रुमालाने पुसत तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "नसली तरी चालेल. फोन लाव."