दाजींची ट्रायल

आमच्या दाजींना कुणी "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारलं की ते आधी खिशातून फोन काढतात, त्याच्याकडे डॉक्टरसारखं बघतात आणि मग उत्तर देतात. "आज कॅमेरा उलटा हाय. बाकी ठीक." किंवा, "कालपासून ताप हाय, पण चार्जिंग घेतो." विचारणारा नवखा असेल तर घरात कुणीतरी आजारी आहे असं समजून सुस्कारा टाकतो. जुना असेल तर पुढच्या वेळी विचारत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कर्जतहून कशेळ्याकडे जाताना आत वळलं की त्यांचं गाव लागतं. साजगावजवळच्या एका कारखान्यात ते जन्मभर फिटर होते. आता निवृत्त झालेत. निवृत्तीनंतर आमच्याकडची माणसं देवळाच्या कट्ट्यावर बसतात, नाहीतर भावकीतला जमिनीचा एखादा वाद उकरून काढतात. दाजींनी फोनची ट्रायल घ्यायचं काम काढलं.

फोनची कंपनी नवी प्रणाली सगळ्यांना देण्याआधी तिची अर्धीकच्ची आवृत्ती हौशी लोकांना वापरायला देते. त्यांनी ती वापरायची, कुठे काय बिघडतं ते कंपनीला कळवायचं. या कामाचा पगार नाही, मान नाही, आणि फोन मात्र आपला. असल्या कामाला कोण नाव देईल, असं मला वाटायचं. दाजींनी दिलं. आणि त्यामागे त्यांचा एक हिशेब होता, तो आधी सांगायला हवा, नाहीतर माणूस नुसताच विक्षिप्त वाटेल.

माझी ताई आशा सेविका आहे. आसपासच्या डोंगरवाड्यांवर कुणा बाईचे दिवस भरलेत, कुणाच्या बाळाचा डोस राहिलाय, हे सगळं तिच्याकडे असतं. वाडीवर कळा सुरू झाल्या की पहिला फोन ताईला येतो. म्हणजे ताईचा फोन वाजला पाहिजे. बाकी त्यात काही चालो न चालो, तो वाजलाच पाहिजे. दाजींनी म्हणून एकसारखे दोन फोन घेतले. एक ताईला, एक स्वतःला. नवी आवृत्ती आली की आधी आपल्या फोनवर चढवायची, हवा तेवढा त्रास सोसायचा आणि खात्री पटल्यावर ताईच्या फोनला पक्की आवृत्ती घेऊ द्यायची.

"कारखान्यात मशीन उघडलं की जोडल्यावर आधी कोण चालवायचं?" ते मला विचारत.

"तुम्ही."

"आधी फिटर. मग ऑपरेटर. त्याचा हात आत जायच्या आधी माझा गेला पायजे. हितं पण तेच हाय."

एवढी उदात्त गोष्ट ऐकून माणसाने गप्प बसावं. पण मी नेरळला एका बिल्डरच्या ऑफिसात बसतो. घराच्या खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसेल, असं सांगून फ्लॅट विकतो. डोंगर दिसतोही, पुढची इमारत उभी राहीपर्यंत. त्यामुळे रात्री झोपताना माझ्या मनावर काही ना काही ओझं असतंच आणि दिवसा मी ते दुसऱ्यांची चेष्टा करून हलकं करतो. दाजींची चेष्टा करणं सोपं होतं. त्यांचा फोन मला नवनवा मालच पुरवायचा.

एकदा गावात मयतीच्या घरी आम्ही भेटायला गेलो. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि दाजींच्या खिशातल्या फोनचा टॉर्च आपोआप पेटला. पांढऱ्या सदऱ्यातून छातीवर असा लख्ख उजेड पडला की मयताच्या म्हाताऱ्या बहिणीने बसल्या जागेवरून हात जोडले. दाजींनी खिशावर तळवा ठेवला, तर बोटांच्या फटींतून किरणं यायला लागली. बाहेर आल्यावर मला वाटलं, माणूस शरमला असेल. ते म्हणाले, "हे आधी कुणी कळवलेलं नाय. आपण पहिले."

भर मे महिन्यात त्यांचा फोन कर्जतला बर्फ पडणार म्हणून सांगत होता. दाजींनी आकाशाकडे बघितलं, मग फोनकडे, आणि अगदी निष्पक्षपणे म्हणाले, "संध्याकाळपर्यंत वाट बघू." फोन तापला की ते त्याला माठाशेजारी ठेवून त्यावर ओला पंचा घालत. ताई आतून बोलायची, "मला टायफॉइड झाला तवा असा पंचा नाय आठवला." त्यावर दाजी, "तुझा ताप माहितीतला होता गं. ह्याचा नवीन हाय."

बिघाड सापडला की ते कंपनीला कळवत. मराठीतून, ग्रामपंचायतीला अर्ज करावा तसं. "सविनय कळविण्यात येते की, कॅलक्युलेटर उघडला असता आवाज वाढतो." मग कंपनीकडून आभाराची एक ओळ यायची. ती ओळ कंपनीचं यंत्रच पाठवतं, प्रत्येकाला तीच, हे मला ठाऊक होतं. दाजी ती ओटीवर मोठ्याने वाचून दाखवत. "बघ, उत्तर आलं." मी प्रत्येक वेळी खरं सांगायचं ठरवायचो आणि प्रत्येक वेळी "वा" म्हणायचो.

चेष्टा करता करता मलाही त्यातल्या नव्या सोयींचा मोह झाला. दाजींनी साफ नकार दिला. "तू गिऱ्हाईकवाला माणूस. तुला नाय झेपायचं." मी त्यांच्या मागे गुपचूप माझ्या फोनवर ती आवृत्ती घेतली. दुसऱ्याच दिवशी माझा फोन गिऱ्हाइकांशी बोलताना फक्त माझाच आवाज मला ऐकवू लागला. आपण काय काय बोलतो ते त्या दिवशी मला प्रथमच कळलं. घाबरून बाहेर पडायला गेलो, तर बाहेर पडायची एकच वाट होती, सगळा फोन पुसून कोरा करायचा. केला. इमारतीचे सगळे फोटो गेले. त्यात डोंगर दिसणारा फोटोही गेला, आणि आता तो परत काढता येत नाही.

आता त्या मंगळवारचं सांगतो. रविवारी गिऱ्हाईक येतं म्हणून माझी सुट्टी मंगळवारी असते. सकाळीच ताईकडे गेलो होतो. ताईच्या घरी ओटीवर चार्जिंगची पट्टी आहे. उजवीकडे ताईचा फोन, डावीकडे दाजींचा, हा त्या घरातला नियम. फोन दिसायला एकसारखे, दोन्हींचं कुलूप उघडायची खूण एकच, आणि कव्हर दाजी लावू देत नाहीत, ताप वाढतो म्हणून. माझा फोन चार्ज करायला जागा हवी म्हणून मी दोन्ही काढले आणि परत लावताना, मला वाटतं, काहीच बघितलं नाही. ताईला टेपाच्या वाडीवर लसीकरणाला जायचं होतं. ती घाईत आली, उजवीकडचा फोन उचलून पिशवीत टाकला आणि गेली.

आम्ही चहा घेत होतो तेव्हा उरलेला फोन वाजला. दाजींनी तो उचलून "हॅलो" म्हटलं. पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला आणि लगेच फोन बंद झाला. पुन्हा वाजला. पुन्हा "हॅलो", पुन्हा बंद.

"पुरुषाचा आवाज ऐकून ठेवतायत," मी म्हणालो. "पण तुमच्या फोनवर बाया कशाला करतील?"

दाजींनी फोन उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. "हा तिचा हाय," ते म्हणाले. "माझा घेऊन गेली ती."

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी हॅलो म्हटलंच नाही. एका दमात म्हणाले, "ठेवू नका, मी ताईचा मालक बोलतोय, काय झालं सांगा."

वरच्या वाडीवरून एक सासू बोलत होती. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. पहिलटकरीण. ताईला पाठवा.

दाजी उभे राहिले. फिटर जसा बंद पडलेल्या मशीनपाशी बोलतो तसे सावकाश बोलले. तिला पाणी द्या, खाली रस्त्यापर्यंत आणायला दोन माणसं तयार ठेवा, गाडी येतेय. मग एकशे आठला फोन लावून गाडी सांगितली, वाडीच्या पायथ्याची खूण दिली. मग ताईला लावला, म्हणजे स्वतःच्याच नंबरला.

रिंग जात राहिली. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"वाजतोय की," मी म्हणालो. "कामात असेल."

"तिनं फोन वाजला आणि उचलला नाय असं आजवर झालंय का?" दाजी म्हणाले. "हितं वाजतोय रं. तिकडं वाजत नाय."

मी स्कूटर काढली. दाजी मागे बसून सारखे तो नंबर लावत होते. टेपाच्या वाडीच्या चढावर स्कूटर दोघांचं वजन घेईना, तेव्हा ते उतरून माझ्या मागोमाग गुडघ्यावर हात दाबत चढले. त्या सगळ्या वाटेवर मला एकच दिसत होतं, चार्जिंगची पट्टी आणि माझा हात. वाडीवरच्या त्या पोरीला काही झालं तर काय, हा विचार मी पूर्ण करत नव्हतो.

वाडीवरच्या अंगणवाडीत ताई एका रडणाऱ्या बाळाला धरून बसली होती. नर्सबाई सुई भरत होत्या. फोन ताईच्या मांडीशी होता, पडदा वर, आणि त्यावर त्याच क्षणी तिचंच नाव उजळत-विझत होतं. आवाज मात्र अजिबात नव्हता.

"सकाळपासून गप हाय," ताई म्हणाली. "मला वाटलं, आज सगळ्या बऱ्या हायत."

दाजींनी तिचा फोन तिच्या हातात दिला आणि धापा टाकत सगळं सांगितलं. ताईने बाळ आईकडे दिलं आणि माझ्या स्कूटरवर मागे बसली. तिघे मावत नव्हतो. दाजी मागे राहिले.

गाडी वरच्या वाडीच्या पायथ्याशी आलेली होती. सुनेला चार माणसांनी घोंगडीच्या झोळीतून उतरवलं होतं. ताई आत चढली, दार लागलं. दुपारनंतर तिचा फोन आला की मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मी रस्त्याकडेला स्कूटरवर बसून होतो.

संध्याकाळी ताई घरी आली, हातपाय धुऊन ओटीवर बसली. फोनची अदलाबदल माझ्यामुळे झाली हे मी सांगितलं. सकाळपासून मनात त्याची तयारी केली होती, पण कुणी माझ्याकडे बघितलंदेखील नाही. ताईने आपल्या फोनवरून दाजींना फोन लावला. समोर पडलेल्या त्यांच्या फोनवर नाव उमटलं. आवाज नाही.

"कवापासून हाय हे?" तिने विचारलं.

"नवीन आवृत्ती घेतली तवापासून असणार," दाजी म्हणाले. "म्हणजे पितृपक्षाच्या आधीपासून."

"आता दिवाळी आली."

"हां."

"बर्फ पडतो ते कळलं तुमाला. कॅलक्युलेटरचा आवाज कळला. आणि फोनच वाजत नाय हे कळलं नाय? ज्याच्यापायी हे सगळं चाललंय, तेच?"

ती रागाने बोलत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. दाजींनीही प्रश्न तसाच घेतला. ते विचार करून, बिघाडाचं कारण सांगावं तसं म्हणाले, "वाजत नाय हे कळायला आधी कुणी लावायला तर पायजे ना गं."

मग त्यांनी फोन पंच्याने पुसला आणि पट्टीला लावला. डावीकडे.

दाजींशी काही काम असलं की मी ताईला फोन करतो. "दाजींना सांग" म्हणतो. त्यांचा मुलगा पुण्याहून आईला करतो आणि शेवटी विचारतो, "बाबा ठीक ना?" कारखान्यातले सोबती आपापल्या गावी गेले. असा विचार केला तर दाजींना फोन करायचं कुणाकडे काही कारणच नव्हतं. तरी ते तो रोज चार्ज करत होते, अंगावर बाळगत होते.

पक्की आवृत्ती ताईच्या फोनवर जाण्याआधी दाजींनी कंपनीला कळवलं. या वेळी सविनय वगैरे काही नव्हतं. फोन वाजत नाही, बायामाणसांच्या जिवाशी खेळ आहे, एवढंच. आभाराची ओळ आली, ती त्यांनी वाचून दाखवली नाही. दिवाळीनंतर पुढची आवृत्ती आली. मी त्या दिवशी तिथेच होतो. सुट्टी नव्हती, मी काढली होती.

दाजींनी फोन ओटीवरच्या टेबलावर मधोमध ठेवला आणि समोर खुर्चीत बसले. "लाव गं," त्यांनी आत हाक दिली.

ताई स्वयंपाकघरात होती. भाकरीच्या हाताने तिने लावला असणार, कारण जरा वेळ लागला. मग टेबलावरचा फोन वाजला. चांगला खणखणीत, लाकडावर थरथरत. दाजी पुढे वाकून बघत राहिले. दोन्ही हात गुडघ्यांवर.

"उचला की," मी म्हणालो.

"थांब रं. पुरा वाजू दे. मधी बंद पडतो का बघायला नको?"

फोन वाजत राहिला आणि वाजून वाजून आपोआप थांबला. आतून ताईचा आवाज आला, "झालं का?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं नाही.

"एका वेळेत काय कळत नाय," ते म्हणाले. "आणिक एकदा लाव."