पहिला नमुना नामंजूर

सेवानिवृत्त अधिकाऱ्याला घरात काहीही काम नसते, ही बाब कोणत्याही सेवानियमावलीत नमूद केलेली नाही. भांडारसाहेबांना ती स्वानुभवाने कळली. एका मोठ्या खात्याच्या भांडार विभागात त्यांची हयात गेली होती. खुर्च्या, टाचण्या, फिनेल, पंखे, जे काही खात्यात यायचे त्याचा नमुना आधी त्यांच्या टेबलावर येई. साहेब तो हातात घेत, उलटा करून पाहत, नाक मुरडत आणि म्हणत, "नामंजूर." पहिलाच नमुना मंजूर करणारा अधिकारी एक तर नवशिका असतो किंवा विकला गेलेला, असे त्यांचे ठाम मत होते. दुसरा नमुना बहुधा पहिलाच असे, फक्त वेष्टन बदललेले. तो मंजूर होई.

घरी मात्र मंजुरीचे सर्व अधिकार पत्नीकडे होते. तिने पडदे बदलले, पण तीन दरपत्रके मागवली नाहीत. भाजी आणली, पण नमुना दाखवला नाही. एकदा साहेबांनी भोपळ्यावर हरकत घेतली, तेव्हा "मग उद्यापासून तुम्हीच आणा" असा तोंडी आदेश निघाला आणि हरकत मागे घ्यावी लागली. साहेबांना याचे फार वाईट वाटे. आपले मत कोणी विचारीनासे झाले की माणूस स्वतःच्याच घरात पाहुणा होतो. दारात पार्सल घेऊन येणाऱ्या माणसाने सही मागितली तरी साहेबांना भरून येई.

अशाच एका सकाळी पत्नीने फरशी पुसायला काढली.

"अहो, पाय वर घेऊन किती वेळ बसणार? जरा बाहेर फिरून या."

"पण माझी कॉफी?"

"आल्यावर देते. पळून जात नाही ती."

ही कॉफी म्हणजे साहेबांचा एकमेव शौक. भरपूर दूध, दोन चमचे साखर, वर जाड साय, आणि कान तुटलेला मोठा मग. ती न घेताच साहेब बाहेर पडले. कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचे दुकान होते, त्याचे आता कॅफे झाले होते. साहेब आत शिरले.

आतल्या भिंतींचा गिलावा मुद्दाम खरवडून ठेवला होता. अशा भिंतीसाठी साहेबांनी एके काळी ठेकेदाराचे बिल अडवले असते. फळ्यावर लिहिलेल्या पेयांपैकी एकाचेही नाव त्यांना उच्चारता येईना, म्हणून त्यांनी सर्वांत स्वस्त होते त्यावर बोट ठेवले. लोहारासारखा चामड्याचा ॲप्रन बांधलेल्या मुलीने यंत्र सुरू केले. यंत्राने बराच वेळ फूत्कार टाकले, वाफ सोडली, सगळे टेबल हादरवले, आणि एवढ्या खटाटोपातून भातुकलीतला वाटावा असा एक कप बाहेर आला. तळाशी दोन घोट काळे पाणी होते.

साहेबांना मनापासून आनंद झाला. इतक्या दिवसांनी कोणीतरी त्यांच्यापुढे नमुना ठेवला होता.

त्यांनी कप उजेडात धरला, खालून पाहिला, वास घेतला आणि एक घोट घेतला. जळलेल्या पातेल्यात पाणी घालून ठेवावे तशी चव होती.

"नामंजूर," साहेब शांतपणे म्हणाले.

मुलगी दचकली. "सर, काय झालं?"

"कडू आहे. दुसरा आणा."

कॅफेत आजवर असे घडले नव्हते. तिथे येणारे लोक आधी कपाचा फोटो काढत, मग एक घोट घेत, चेहरा वाकडा होऊ नये म्हणून खिडकीबाहेर पाहत आणि "अप्रतिम!" म्हणत. कडू हा शब्द त्या खोलीत प्रथमच उच्चारला गेला. मुलगी धावत आत गेली व मालकाला घेऊन आली. मालक तरुण होता, उन्हाळ्यात लोकरी टोपी घालणारा. कोणते बी कोणत्या डोंगराच्या कोणत्या उतारावर पिकले, हे तो स्वतःच्या घराण्याचा इतिहास सांगावा तसे सांगे.

"सर, आपण याच क्षेत्रातले का?" त्याने हात जोडून विचारले.

"आयुष्यभर नमुनेच पाहिलेत मी."

मालकाने स्वतः दुसरा कप केला. सवयीप्रमाणे साहेब तो मंजूर करणार होते, पण मालकाच्या चेहऱ्यावरची भीती पाहून त्यांना जुने दिवस आठवले आणि त्यांनी तोही फेटाळला. तिसऱ्या कपापर्यंत जीभ बधिर होऊन काही कळेनासे झाले होते. साहेब म्हणाले, "हा ठीक आहे. मंजूर." मालकाने डोळे पुसले.

मग साहेब हाताची घडी घालून बसून राहिले. नमुना मंजूर झाला की माल येतो, ही जगाची रीत आहे. आता मोठ्या कपातून खरी कॉफी येईल, अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. ती येईना. स्वतःहून मागणे पदाला शोभले नसते. मालकाला वाटले, साहेब जिभेवर रेंगाळणारी चव अनुभवत आहेत. त्याने शेजारच्या टेबलांना गप्प राहण्याची खूण केली.

दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा गेले, राहिलेली कॉफी घ्यायला. मालकाने त्यांच्यासाठी खिडकीपाशी टेबल राखून ठेवले होते. पुन्हा नमुने आले, पुन्हा दोन फेटाळले, एक स्वीकारला, आणि पुन्हा माल आला नाही. मात्र शेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेल्या गृहस्थाने हे पाहिले आणि त्याने आपलाही कप परत पाठवला. "नामंजूर," तो म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आले की सगळे आपल्याकडे आदराने पाहत आहेत.

पुढचे सारे नियमानुसार घडले. जो तो कप परत करू लागला, तेव्हा हरकती कोणत्या असाव्यात हे ठरवणे भाग पडले. साहेबांनी त्या ठरवून दिल्या. 'आंबट', 'पोकळ' आणि 'हेतू अस्पष्ट'. ही शेवटची हरकत विशेष लोकप्रिय झाली. साखर मागणाऱ्याला मालक बाजूला घेऊन, घरी सगळे ठीक आहे ना, असे विचारू लागला. गर्दी वाढली तशी रांग आली, रांग आली तसे क्रमांक आले. मग कोणीतरी मुद्दा काढला की कॉफी उत्तम आहे, पण ती पिणाऱ्यांचे काय? तेव्हा ग्राहकांचीच तपासणी सुरू झाली. ग्राहकाने एक घोट घेऊन काय जाणवले ते सांगायचे, आणि साहेबांनी तो ग्राहक मंजूर किंवा नामंजूर करायचा. मंजूर झालेल्याच्या मनगटावर शिक्का बसे. नामंजूर झालेले दुसऱ्या दिवशी नवा मफलर गुंडाळून येत. साहेब त्यांना मंजूर करत.

एक दिवस यंत्र बंद पडले. दुरुस्त करणारा येईपर्यंत निभावून न्यावे म्हणून मुलीने धुतलेले कप तसेच रिकामे पुढे सरकवले. लोकांनी ते नाकाशी धरले, डोळे मिटले आणि ही आजवरची सर्वांत स्वच्छ कॉफी असल्याचे सांगितले. मालकाने यंत्र विकून टाकले.

साहेबांचा मान वाढत होता आणि पोटात आग पडत होती. घरची कॉफी त्यांनी बंद केली होती. मिशीला साय लागलेली कोणी पाहिली असती तर एवढी कमाई धुळीला मिळाली असती.

"दोन चमचे साखर? आमच्यात ते चालत नाही," असे त्यांनी पत्नीला सांगितले होते.

"तुमच्यात म्हणजे कोणात?" तिने विचारले होते. मग काही दिवस तिने वाट पाहिली आणि एका सकाळी थर्मास भरून, साहेबांचा मग पिशवीत टाकून ती थेट कॅफेत आली. रांग ओलांडून ती टेबलापाशी उभी राहिली.

"अहो, वाळून काटा झालात. काय देतात तरी काय इथे?" तिने टेबलावरचा रिकामा कप उचलून आत डोकावून पाहिले. "हा तर नुसता नमुना दिसतोय. कॉफी कधी देतात?"

मालकाच्या कपाळावर घाम आला. पहिल्या दिवसापासून साहेबांना जे विचारायचे होते, नेमके तेच तिने विचारले होते. साऱ्या जगात हे तिला एकटीलाच समजले होते. साहेबांना वाटले, तिचा हात धरावा, थर्मास घ्यावा आणि म्हणावे, अगं, मीही तेच म्हणतोय. एवढे एक वाक्य बोलायचे होते. पण ते बोलल्यावर खिडकीपाशी टेबल राहिले नसते. राहिला असता फक्त फरशी पुसताना वर घ्यायचे पाय.

"बाई," साहेब म्हणाले, "आपण रांगेत या."

"बाई?" तिने रिकामा कप टेबलावर परत ठेवला. "एक नमुना जन्मभर सांभाळला मी, तोही न तपासता. आता कसली रांग?"

ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. थर्मासचे झाकण फिरवले आणि कान तुटलेल्या मगात ओतून घेतले. दूध, साखर आणि कॉफी यांचा वास दारातून आत आला. रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. कोणी आवंढाही गिळला. जागा मात्र कोणी सोडली नाही, कारण क्रमांक गेला असता. साहेबांचे डोळे भरून आले होते. मालक हळूच म्हणाला, "बघा, याला म्हणतात चव."

त्यानंतरचा क्रमांक आपला होता, वाचकहो. आपण पुढे आलात. दारातल्या त्या वासाकडे चोरून एकदा पाहिलेत, मग रिकामा कप नाकाशी धरून डोळे मिटलेत आणि म्हणालात, "शेवटी शेवटी किंचित मध जाणवतो." साहेबांनी आपल्याला पहिल्याच फेरीत मंजूर केले. आता या गोष्टीला हसायला हरकत नाही, फक्त बाही जरा खाली ओढून घ्या. शिक्का दिसतो आहे.