त्रेचाळीस नंबरचा डबा

"यंदा गणपतीच्या जेवणात थर्माकोलचा एक तुकडा दिसला, तर माझं नाव बदला!" शैलेंद्र गोखल्यांनी मंडळाच्या बैठकीत जाहीर केलं. ओटावा शहराने त्याच वर्षी घरोघर ओल्या कचऱ्याचे हिरवे बिन वाटले होते, आणि ते आपल्यालाच विचारून वाटलेत अशा थाटात हा निवृत्त इंजिनियर बोलत होता. उरलेलं जेवण सगळ्यांनी दह्या-आइस्क्रीमच्या जुन्या डब्यांतून घरी न्यायचं. डबा धुऊन परत. पुढच्या वर्षी तोच पुन्हा कामाला!

डबे त्यांच्या बेसमेंटमध्ये होतेच. त्यांच्या पत्नी अरुणाताईंनी पंचवीस वर्षांत एक डबा टाकला नव्हता, आणि शैलेंद्ररावांनी पंचवीस वर्षं त्यावरून कटकट केली होती. त्या जाऊन चौदा महिने झाले, आणि आता तेच डबे म्हणजे शैलेंद्ररावांची दूरदृष्टी!

गणपतीच्या जेवणाच्या दिवशी, शनिवारी पहाटे, त्यांनी फळ्यांवरचे साठ डबे उतरवले, मोजले, पुसले, झाकणांवर मार्करने नंबर टाकले आणि हॉलच्या किचनमध्ये नेऊन ठेवले. उघडून मात्र एकही पाहिला नाही.

रविवारी आमटी करायला घेतली, तर गोड्या मसाल्याची बाटली रिकामी. ती भरून घ्यायला ते खाली गेले आणि मोकळ्या फळीसमोर थिजले. अरुणाताईंनी केलेला शेवटचा मसाला खालच्या फळीवर, डावीकडून तिसऱ्या डब्यात होता. म्हणजे नंबर त्रेचाळीस! आपण आपल्या हाताने त्याला नंबर दिला! आणि काल उरलेल्या जेवणाच्या डब्यांबरोबर तोही कुणाच्या तरी घरी गेला असणार!

गाडी काढून ते थेट मंडळातल्या सीमाकडे गेले. दार तिच्या मुलीने, गौरांगीने उघडलं.

"तुमच्याकडे एखादा डबा आहे का गं?"

"मॉम! गोखले अंकल इज हिअर फॉर फूड!"

"काका, या ना आत!" सीमा धावत आली. तिच्याकडचा डबा निघाला बारा नंबरचा. खरं कारण सांगायला शैलेंद्ररावांची जीभ उचलेना. बायकोच्या मसाल्यासाठी दारोदार फिरतोय, हे सांगायचं कसं? "असू दे, तोही नेतो," ते म्हणाले. डबा रिकामा परत करायचा नाही ही सीमाच्या आईची शिकवण. तिने तो पोहे घालून दिला.

ते कोपऱ्यावर वळायच्या आत फोन सुरू झाले. "काका डबा घेऊन फिरताहेत गं! जेवायचे हाल दिसतात. बोलायचे नाहीत ते, मानी आहेत!"

दुसऱ्या घरी जयदीप आणि रुचा दारातच उभे होते. "काका, सात नंबर! वांग्याचं भरीत आहे. आणि हा आमचा जादा डबा, चार दिवस पुरेल."

"अरे, मला त्रेचाळीस नंबर..."

"नंबराचं काय घेऊन बसलात काका, पोटाला नंबर कळतो का?"

तिसऱ्या घरी इडल्या, चौथ्या घरी साबुदाण्याची खिचडी, पाचव्या घरी तर दुकानातून आणलेल्या कोऱ्या प्लास्टिकच्या डब्यात पुलाव! एक डबा शोधायला निघालेला माणूस सहा घरांत सतरा भरलेले डबे घेऊन बाहेर पडला, आणि त्रेचाळीस नंबर कुठेच नाही.

शेवटी उरल्या सुहासिनी वहिनी. मंडळाचा स्वयंपाक त्यांच्याच हाती असे, आणि अरुणाताईंच्या त्या मैत्रीण. त्यांनी काही बोलूच दिलं नाही. "भावजी, आधी बसा." कालची आमटी गरम करून भाताबरोबर वाढली. शैलेंद्ररावांनी दोन घास खाल्ले.

"चांगली आहे," ते न्यायाधीशासारखे म्हणाले, "पण वहिनी, अरुणाच्या आमटीची सर नाही."

वहिनींचा डाव हवेतच थांबला. "भावजी, तिचाच मसाला आहे हा! तुम्ही दिलेला. त्रेचाळीस नंबर. झाकण उघडलं आणि वासावरूनच ओळखला मी. म्हटलं, बघा, माणसाने तिचा शेवटचा डबा नैवेद्याला दिला! मी रडले हो तिथेच."

"सगळा... घातलात?"

"दीडशे पानं होती ना. पातेल्यात एवढी वाटीभर उरलीय तेवढीच." त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुम्हाला ओळखू नाही आला?"

शैलेंद्ररावांनी वाटीकडे पाहिलं.

"आला ना! लगेच आला," ते म्हणाले. "मीठ जरा कमी वाटलं, म्हणून म्हटलं."

वहिनींनी उरलेली आमटी त्यांच्या वाटीत ओतली आणि मिठाचं भांडं पुढे सरकवलं. आता बोलून बसले होते! शैलेंद्ररावांनी चांगलं चमचाभर मीठ घातलं, आणि अरुणाताईंच्या मसाल्याची ती शेवटची वाटी, खारट झालेली, अगदी सावकाश संपवली.