अठ्ठेचाळीस ओळींची मान

काकूंच्या पोटात अख्खा हत्ती गेला तरी सोंडेचं टोक बाहेर दिसायचं नाही! हे अर्थात काकूंचंच म्हणणं. चौतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गावभरची बोलणी जोडून दिली. कुणाचं लग्न मोडलं, कोण कुणावर रुसलं, सगळं ऐकलं आणि ढेकरसुद्धा दिला नाही. त्यामुळे क्रोशाचे नमुने बनवणाऱ्या डिझायनरबाईंनी 'नवा नमुना विणून तपासायला गुप्तता पाळणारी माणसं हवीत' असं जाहीर करताच काकूंनी उलट कळवलं, "शोध थांबवा. माणूस मिळालं!"

नमुना होता हिरव्या मानेच्या बदकाचा. तो रविवारपर्यंत विणायचा, चुका कळवायच्या, पूर्ण बदकाचा फोटो पाठवायचा. बदल्यात नमुना प्रसिद्ध झाला की शेवटच्या पानावर आभारांत नाव. त्या नावासाठी काकूंचा जीव टांगणीला लागला होता, कारण वरच्या मजल्यावरच्या धाकट्या जाऊबाईंना मागच्या खेपेला याच कामातून डच्चू मिळाला होता. अर्धवट सशाचा फोटो त्यांनी बिल्डिंगभर फिरवला होता!

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही," काकू म्हणाल्या. "माझं नाव छापून आलं की बघ."

"बघेन की ताई! आधी त्या टोपलीत काय आहे तेवढं सांगा."

"टॉवेल!"

नियम चारच होते. नमुना कुणाला दाखवायचा नाही. प्रसिद्ध होण्याआधी खेळण्याचा फोटो बाहेर जाऊ द्यायचा नाही. काम कुठवर आलं त्याचा फोटो दर दोन दिवसांनी बाईंच्या ग्रुपवर टाकायचा. चूक दिसली तर चारचौघांत न बोलता एकट्या बाईंना सांगायची. काकूंनी पहिले दोन नियम इतके घट्ट कवटाळले, की बाकीचे दोन गुदमरून गेले.

पहिल्या फोटोत टोपली आणि टॉवेल. दुसऱ्या फोटोत टोपली आणि टॉवेल, पण टॉवेल जरा फुगलेला. तिसऱ्या फोटोनंतर बाईंचा फोनच आला.

"काकू, फोटोत नुसता टॉवेल दिसतोय."

"दिसणारच. आतलं गुप्त आहे!"

"अहो, मला तर दाखवाल की नाही? बदक माझंच आहे!"

"तुम्ही खरंच डिझायनर आहात कशावरून? तिसऱ्या ओळीत टाके किती, सांगा बरं."

"असं फोनवर नाही सांगता येत काकू, नियम आहे..."

"शाब्बास! पास झालात!" काकू म्हणाल्या आणि त्यांनी फक्त बाईंना एक फोटो पाठवला. त्यात एक टाका होता.

"काकू, हा एकच टाका आहे."

"बाकीचे असेच आहेत. डावे-उजवे काही नाहीत."

घरातही हीच तऱ्हा. काका सोफ्यावर बसले की काकू टोपली घेऊन मोरीत. काका मोरीत गेले की काकू कपाटाआड. ग्रुपवर आलेला संदेश न वाचताच पुसायचा, पुरावा नको! त्या पुसापुशीत बाईंचा एक संदेशही गेला: 'माफ करा, छापताना चूक झालीय. मानेच्या ओळी अठ्ठेचाळीस नाहीत, अठरा आहेत.'

काकू अठ्ठेचाळीस विणत राहिल्या. मान वाढता वाढता वाढे! पंचविसाव्या ओळीला शंका आली, चाळिसाव्या ओळीला खात्री पटली. पण कळवायचं म्हणजे लिहायचं, आणि लिहिलं की पुरावा! काकूंनी गुमान कापूस ठासला, दोन काळे डोळे बसवले. आता चोच तेवढी लावायची राहिली. शनिवारी दुपारी चोचीची पिवळी लोकर आणायला त्या कोपऱ्यावर गेल्या आणि टोपलीतल्या मानेने हळूच टॉवेल बाजूला सारला.

काका पाणी प्यायला उठले. टोपलीतून हातभर हिरवंगार काहीतरी उभं, टक लावून बघतंय!

"साप!"

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी काका एका उडीत फ्रिजवर चढले. जाऊबाई धावत खाली आल्या, ओरडत वर गेल्या आणि साप पकडणाऱ्याला फोन करून पुन्हा खाली आल्या. काकू लोकर घेऊन परतल्या तेव्हा दारात तीस माणसं आणि आत काठीवाला.

तो टोपलीशी वाकला. त्याने सापाला बोट लावलं. मग काकूंकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, याला टाके आहेत."

काकूंसमोर पेच पडला. बदक म्हणावं तर गुपित फुटलं, नाव गेलं. दारात जाऊबाई कान टवकारून उभ्या.

"सापच आहे तो!" काकू ठणकावून म्हणाल्या. मग त्याच्या कानाशी, "एवढा माझा मान राखा हो!"

त्यालाही तीस माणसांसमोर लोकर पकडल्याचं सांगायचं नव्हतंच. "बिनविषारी!" त्याने जाहीर केलं, मान मुठीत धरून बदक उंच उचललं आणि खालचं गरगरीत अंग बघून भर घातली, "नुकताच जेवलाय!" टाळ्या पडल्या. जाऊबाईंनी फोटो काढला. फ्रिजवरून काका म्हणाले, "लांब सोडा हं!"

काकू मागोमाग धावल्या, पण अर्धी बिल्डिंग आधीच त्याच्या मागे. बिचाऱ्याला नाल्यापलीकडच्या झाडीत टॉवेलात गुंडाळून नेलेलं बदक खरोखरच सोडावं लागलं. रविवारी काकूंनी दोन तास झुडपं धुंडाळली. मिळाला नुसता टॉवेल! शेवटी त्यांनी बाईंना उरलेल्या वस्तूचा फोटो पाठवला: एक पिवळी चोच.

बदकाचा नमुना निघाला. आभारांत अकरा नावं होती, काकूंचं नव्हतं. त्याहून वाईट पुढच्या महिन्यात झालं. बाईंचा नवा नमुना आला: 'जेवलेला साप'. मान अठ्ठेचाळीस ओळींची! शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत एकच नाव होतं. ही भन्नाट कल्पना फोटोतून सुचवल्याबद्दल धाकट्या जाऊबाईंचे मनःपूर्वक आभार.

जाऊबाईंनी ते पान चौकटीत घालून जिन्यात लावलंय. काकू खाली मान घालून जिना चढतात. बोलत मात्र नाहीत. त्यांच्या पोटात आता खरोखरच एक बदक आहे.